शिक्षकाची नोकरी आणि त्याचे खाजगी छायाचित्र



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी बोलावणे धाडले तेव्हा मी त्यांना म्हणालो की, या व्यासपीठावर प्राध्यापक, वकील, संपादक अशी मंडळी येऊन गेली. मी दहावीला गणितात अडकलेला आणि सतराव्या वर्षी सूतगिरणीच्या रिंग खात्यात बदली कामगार म्हणून लागलेला माणूस. माझे जे काही वाचन झाले ते पाळी सुटल्यावर, आपल्याच नगर वाचनालयाच्या मागच्या खोलीत. मला व्याख्यान येत नाही, फार तर गेटसभेत बोलता येते. ते म्हणाले, गेटसभेत बोलता तसेच बोला. तेव्हा ध्वनिक्षेपक समोर असूनही माझा आवाज चढला तर सांभाळून घ्यावे.

गिरण्या मिटत गेल्या तशी आमच्या संघटनेच्या कचेरीत वेगळी माणसे येऊ लागली. पूर्वी बाकावर कामगार बसत, आता खाजगी शाळांतील शिक्षक, शिक्षिका आणि शिपाई बसतात. त्यांच्या तक्रारी बहुतेक जुन्याच असतात : पगार थकला, मान्यता आली नाही, सेवाज्येष्ठता डावलली. परंतु अलीकडे एक नवी तक्रार येते, आणि ती सांगताना माणूस प्रथम दार लावून घेतो. त्याचा किंवा तिचा एखादा खाजगी फोटो कुणीतरी फोनवरून मुख्याध्यापकांना दाखवलेला असतो. या तक्रारीविषयी मी आज बोलणार आहे.

देशभर गाजलेले एक प्रकरण आधी सांगतो. कोलकात्याच्या एका विद्यापीठात २०२१ च्या ऑगस्ट महिन्यात एक तरुण प्राध्यापिका रुजू झाल्या. ऑक्टोबरमध्ये त्यांना एका बैठकीला बोलावण्यात आले. एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी तक्रार केली होती की, आपला मुलगा या बाईंची पोहण्याच्या पोशाखातील छायाचित्रे पाहत होता आणि ही गोष्ट लज्जास्पद आहे. त्या छायाचित्रांच्या प्रती बैठकीत फिरल्या. त्याच महिन्यात त्या बाईंची नोकरी संपली. त्यांचे म्हणणे असे की, आपल्याला राजीनामा देण्यास भाग पाडले. विद्यापीठाचे म्हणणे असे की, त्यांनी तो स्वखुशीने दिला. बाईंनी वकिलामार्फत नोटीस पाठवली, तेव्हा विद्यापीठाने बदनामीपोटी ९९ कोटी रुपये मागितले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये हे सारे वर्तमानपत्रांत आले आणि त्या संस्थेच्या आजी-माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येकजण बाईंच्या बाजूने उभे राहिले.

आता यातील एक बारीक गोष्ट पाहा. त्या प्राध्यापिकांच्या सांगण्याप्रमाणे ती छायाचित्रे त्यांनी जूनमध्ये, म्हणजे नोकरी लागण्यापूर्वी, इन्स्टाग्रामवर टाकली होती. खाते बंदिस्त होते, म्हणजे ज्यांना त्यांनी परवानगी दिली त्यांनाच ते दिसावे. आणि इन्स्टाग्रामच्या ‘स्टोरी’ नावाच्या सोयीत टाकलेले चित्र चोवीस तासांनी आपोआप नाहीसे होते. ज्यांना फोनची सवय नाही अशा वडीलधाऱ्यांसाठी सांगतो : हे म्हणजे घरच्या ओसरीवर चार ओळखीच्या माणसांना आल्बम दाखवून परत कपाटात ठेवण्यासारखे आहे. मात्र त्या चौघांपैकी एकाने पडद्याचीच प्रत काढून घेतली, म्हणजे स्क्रीनशॉट घेतला, की कपाटाच्या कुलपाचा उपयोग राहत नाही. मग ती प्रत कुठे जाईल ते सांगता येत नाही. मुलांपुढे, पालकांपुढे, समितीच्या टेबलावर ती नेणारा माणूस निराळाच असतो, आणि त्याला कुणीच जाब विचारत नाही.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात २००९ मध्ये एका हायस्कूल शिक्षिकेचे युरोपच्या सहलीतील छायाचित्र फेसबुकवर होते. एका हातात वाइनचा पेला, दुसऱ्या हातात बिअरचा. एक निनावी पत्र आले, पत्र म्हणजे ई-मेल, आणि राजीनामा दे नाहीतर निलंबित हो, असे तिच्यापुढे ठेवण्यात आले. तिने राजीनामा दिला. सहलीत, सज्ञान बाईने, कायद्याने मोकळी असलेली वस्तू हातात धरली होती एवढेच. रशियात सायबेरियातल्या बर्नाऊल शहरी २०१९ मध्ये हिवाळी पोहण्याचा छंद असलेल्या एका शिक्षिकेवर छायाचित्रावरूनच नोकरी सोडण्याची पाळी आली. तेथे मात्र पुढे एक गोष्ट घडली, ती आम्हा संघटनेच्या माणसांना फार आवडली. देशभरच्या शिक्षिकांनी आपापली पोहण्याच्या पोशाखातील छायाचित्रे उघडपणे टाकायला सुरुवात केली आणि खाली लिहिले की, शिक्षकही माणसेच आहेत. एकीला घरी पाठवणे सोपे असते. हजारोंना कसे पाठवणार ?

कोलकाता, जॉर्जिया, सायबेरिया. तीन देश, तीन भाषा, तीन प्रकारचे कायदे. परंतु तिन्ही ठिकाणी कागदावर उरला तो शब्द एकच : राजीनामा. बडतर्फ कुणालाच केले नाही. हे मी प्रथम वाचले तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, कारण गिरणीतही आम्ही हेच पाहिले होते. मालकाजवळ लिहिण्यासारखा आरोप असला म्हणजे तो आरोपपत्र देतो. लिहिण्यासारखा आरोप नसला म्हणजे तो माणसाला केबिनमध्ये बोलावतो, खुर्ची देतो, चहा मागवतो आणि म्हणतो, तुमच्याच भल्यासाठी सांगतो.

आता जी गोष्ट सांगायची ती माझ्याच चुकीची आहे. संस्थेचे नाव मी सांगणार नाही, आणि कुणी तर्क लढवू नये.

२०१६ सालची गोष्ट. एका माध्यमिक शाळेत दहा-बारा वर्षे मराठी शिकवणाऱ्या एक बाई होत्या. दिवाळीच्या सुटीत त्या नवरा, नणंद आणि मुले अशा गोव्याला गेल्या. समुद्रावर गुडघ्यापर्यंतची विजार आणि बिनबाह्यांचा सदरा घातलेला, केस ओले, हसताहेत, असा त्यांचा फोटो नणंदेने काढला आणि नणंदेनेच फेसबुकवर टाकला. बाईंचे नाव तिने त्याला जोडले एवढेच. एका पालकाने तो उतरवून घेतला, वर्गाच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर फिरवला आणि त्याची रंगीत प्रत काढून सचिवांकडे दिली. बाईंना कार्यालयात बोलावले. सचिव, मुख्याध्यापक आणि समितीचे दोन सभासद, चारही पुरुष. ती रंगीत प्रत टेबलावर, वर काचेचा पेपरवेट. बाई मला नंतर म्हणाल्या, “भाऊ, त्या अर्ध्या तासात कुणी मला माझ्या शिकवण्याबद्दल एक शब्द विचारला नाही. आणि बोलताना कुणी माझ्याकडे बघत नव्हतं, सगळे त्या कागदाकडे बघत होते.”

त्या रात्री त्या नवऱ्याला घेऊन आमच्या कचेरीत आल्या. आता माझी अवस्था सांगतो. त्याच संस्थेत आमच्या अकरा सभासदांच्या पगाराचा प्रश्न अडकला होता आणि सचिव पहिल्यांदाच बोलणी करायला तयार झाले होते. मला ती बोलणी नासायला नको होती. शिवाय खरे सांगायचे तर, मलाही मनातून वाटले की बाईंनी असला फोटो कशाला काढू दिला. मी म्हणालो, “बाई, वाद वाढवू नका. बोभाटा झाला तर तुम्हालाच त्रास होईल. राजीनामा देऊन टाका, दुसरीकडे कुठे जमवता येतं का बघू.”

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “भाऊ, तुमच्या गिरणीतल्या माणसाला रविवारी नदीवर पोहला म्हणून मालकाने काढलं असतं, तर तुम्ही त्याला हेच सांगितलं असतं का ?”

मी काही उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी कार्यालयातच छापून ठेवलेल्या कागदावर त्यांनी सही केली. दुसरीकडे जमले नाही. अकरा जणांचा पगार मात्र निघाला.

त्यानंतर मी कायद्याची पुस्तके उघडली. ती आधी उघडायला हवी होती. आमच्या गिरणीच्या जगात या प्रश्नाचे उत्तर पूर्वीच मिळालेले आहे. ग्लॅक्सो लॅबोरेटरीज या कंपनीच्या खटल्यात १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न होता की, कारखान्याच्या आवाराबाहेर घडलेल्या प्रकारांवरून स्थायी आदेशांखाली कामगारांना शिक्षा करता येते काय. स्थायी आदेशात शब्द होते, आवारात किंवा त्याच्या लगत. न्यायमूर्ती देसाई यांच्या निकालाचा भावार्थ असा की, मालकाची हुकमत तेवढ्याच जागेपुरती. गावाच्या कायदा-सुव्यवस्थेचा राखणदार म्हणून कुणी त्याला नेमलेले नाही. बाहेर केलेल्या कृत्याचा कामाशी सरळ धागा जुळत असेल तर ते गैरवर्तन ठरू शकते, हेही न्यायालयांनी मानले आहे. परंतु तो धागा दाखवावा लागतो. दिसायला बरे वाटत नाही, हा धागा नव्हे.

कुणी वकीलसाहेब समोर असतील तर ते म्हणतील की, हा निकाल शिक्षकांना लागू नाही. बरोबर आहे. गोव्यातल्याच एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये सांगून टाकले की, शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्यातील ‘कामगार’ नव्हे. पुष्कळ शिक्षकांना हे ऐकून बरेच वाटते, आपण कामगार नाही म्हणून. परंतु महाराष्ट्रातील खाजगी शाळांसाठी वेगळा कायदा आहे, १९७७ चा, आणि त्याखालची १९८१ ची नियमावली. ती किती शिक्षकांनी वाचली आहे ? मी सभांमध्ये हात वर करायला सांगतो, तेव्हा शंभरात चार-पाच हात वर होतात.

त्या नियमावलीत शिक्षकाला काढून टाकण्याची कारणे दिली आहेत : गैरवर्तन, नैतिक अधःपतन, कर्तव्यात जाणूनबुजून व सतत हयगय, अकार्यक्षमता. ‘नैतिक अधःपतन’ हा शब्द ऐकला की संस्थाचालकांना वाटते, आपल्या हाती चाबूक आला. पण नियम स्वतःच त्याचा अर्थ सांगतो : विद्यार्थ्याशी किंवा विद्यार्थिनीशी, अथवा सहकाऱ्याशी केलेले असभ्य वा अनैतिक वर्तन, आणि तशाच प्रकारची कृत्ये. म्हणजे दुसऱ्या माणसाशी केलेले वर्तन. समुद्रावर नवऱ्याशेजारी उभे राहून हसणे हे यातल्या कोणत्या शब्दात बसवणार ? शिवाय आरोप लेखी द्यावे लागतात, खुलाशाला मुदत द्यावी लागते, आणि चौकशी समिती तिघांची असते. शिक्षकाच्या चौकशीत एक माणूस व्यवस्थापनाचा, एक शिक्षकाने स्वतः निवडलेला, कोणत्याही खाजगी शाळेतील कर्मचारी, आणि तिसरा राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांच्या यादीतून घेतलेला. कल्पना करा, असा एखादा पांढऱ्या केसांचा पुरस्कारप्राप्त गुरुजी तो रंगीत कागद हातात घेऊन विचारतो आहे, “या बाईंनी शाळेतलं कोणतं काम केलं नाही म्हणता ?” त्या चौघांपैकी कोण उत्तर देऊ शकला असता ? म्हणून तर चौकशी झाली नाही. म्हणून चहा मागवण्यात आला.

राजीनाम्याबद्दलही त्या कायद्याच्या सातव्या कलमात लिहिलेले आहे. राजीनामा दोन प्रतींत लिहावा, दोन्हींवर सही करून तारीख घालावी, एक प्रत रजिस्टर टपालाने व्यवस्थापनाकडे पाठवावी आणि दुसरी स्वतःजवळ ठेवावी. इतका बारकावा कायदा करणाऱ्यांनी कशासाठी घातला ? कोऱ्या किंवा आयत्या कागदावर शिक्षकांच्या सह्या घेण्याची रीत त्यांना ठाऊक होती, असे मला वाटते. आमच्या बाईंच्या कागदाची प्रत एकच होती आणि ती कार्यालयाच्या फायलीत गेली. शाळा न्यायाधिकरणाकडे तीस दिवसांत अपील करता येते. मी ते कलम वाचले तेव्हा पाच महिने उलटले होते.

आता येथे बसलेल्या पालकांच्या मनातला प्रश्न. कायदा राहू द्या, पण शिक्षकाचा मान म्हणून काही आहे की नाही ? मुलाने गुरुजींचा नाही नाही तो फोटो पाहिला तर तो वर्गात त्यांचे ऐकेल काय ?

हा प्रश्न खोटा नाही. शिक्षकाचा मान हे त्याचे हत्यार आहे, ते बोथट झाले तर वर्ग हाती राहत नाही. परंतु आमच्या लहानपणी मास्तर आम्हाला गावच्या तलावात पोहायला शिकवीत असत, लंगोट लावून. सगळा गाव पाही. सोमवारी वर्गात तेच मास्तर, तीच छडी, आणि आमची तीच भीती. कारण आम्ही त्यांना सबंध पाहत होतो. तलावावर पाहत होतो, रेशनच्या रांगेत पाहत होतो, कुणाच्या मयताला खांदा देताना पाहत होतो. फोनवरचे चित्र हे माणसातून कापून काढलेले असते. समुद्रावरचा पोशाख समुद्रावर शोभतो. तेथून तो उचलून संस्थेच्या टेबलावर ठेवला की तो अशोभनीय वाटू लागतो, आणि हे उचलून ठेवण्याचे काम त्या पोशाखातल्या माणसाने केलेले नसते.

आणि त्या लंगोटाच्या मास्तरांविरुद्ध कुणी तक्रार केली नाही, हेही लक्षात ठेवा. आमच्या कचेरीत फोटोच्या ज्या तक्रारी येतात त्यांपैकी बहुतेक बायकांच्या आहेत. पुण्यात १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा सावित्रीबाईंच्या अंगावर शेणमाती पडे आणि त्या दुसरे लुगडे बरोबर नेत, असे सांगतात. शिकवणारी बाई रस्त्याने कशी जाते याची चौकशी करणारे लोक तेव्हापासून आहेत. पूर्वी निनावी पोस्टकार्ड येई. आता चित्रासह येते, एवढीच प्रगती.

इतके बोलल्यावर आमच्या शिक्षक सभासदांनाही दोन कडू शब्द सांगितले पाहिजेत, नाहीतर म्हणाल हा संघटनेचा माणूस आपल्या लोकांना पाठीशी घालतो.

दोनेक वर्षांपूर्वी आमच्याच एका सभासदाने तिसरीतल्या एका मुलाचे वाचन फोनवर टिपले. मुलगा अडखळत होता, ‘क्ष’ ला ‘श’ म्हणत होता, आणि मागून गुरुजींचे हसणे ऐकू येत होते. त्याला गाणे जोडून त्यांनी ते टाकून दिले. दोन दिवसांत ते पंचक्रोशीत पसरले. मुलगा शाळेत यायचा बंद झाला. बाप हमाल आहे, तो मला बाजारात भेटला आणि म्हणाला, “पोरगं म्हणतंय, सगळ्या गावाला ठाऊक झालंय मला वाचता येत नाही.” गुरुजी माझ्याकडे आले, संघटनेने पाठीशी उभे राहावे म्हणून. मी म्हणालो, चौकशीत तुमच्या बाजूने माणूस देऊ, तो तुमचा हक्क आहे. पण आरोप खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. तो आरोप मीसुद्धा एका ओळीत लिहून दिला असता : आपल्या हवाली केलेल्या लेकराची त्यांनी चारचौघांत थट्टा केली. पुढे गुरुजी स्वतः त्या हमालाच्या घरी गेले, मुलासमोर माफी मागितली आणि दोन महिने रोज शाळा सुटल्यावर त्याला वाचायला शिकवले. मुलगा आता बरा वाचतो.

वर्गातल्या मुलांचे चेहरे पालकांना न विचारता चव्हाट्यावर मांडणे, रात्री अकरा वाजता विद्यार्थिनीला खाजगी निरोप पाठवणे, पालकांच्या गटावर एखाद्याच्या जातीवरून टोमणा मारणे, ही सगळी फोनवरचीच कृत्ये आहेत, आणि बहुतेक फाटकाबाहेरून, घरी बसून केलेली आहेत. तरी त्यांचा धागा सरळ वर्गापर्यंत जातो. अशा प्रकरणी मुख्याध्यापकांनी गप्प बसू नये. आणि गंमत अशी की, अशा प्रकरणी ते बहुधा गप्प बसतात.

शासनाचेही थोडे बोलतो. मार्च २०२४ मध्ये शिक्षकांच्या वेशाबद्दल सूचना निघाल्या : जीन्स-टीशर्ट नको, पुरुषांनी सदरा विजारीत खोचावा, वगैरे. मला त्या पटल्या नाहीत, पण त्या शाळेतल्या वेशापुरत्या आहेत. २८ जुलै २०२५ ला शासकीय व निमशासकीय कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यमांबद्दल शासननिर्णय निघाला. त्यात खाजगी खाते आणि कचेरीचे खाते वेगळे ठेवा, खाजगी खात्यावर पदनाम, बोधचिन्ह, गणवेश वापरू नका असे आहे, आणि ते शहाणपणाचे आहे. खात्यावर शाळेचे नाव लावले नाही तर शाळेला बट्टा लागला म्हणणाऱ्याचे निम्मे बळ जाते. त्याच निर्णयात शासनाच्या धोरणावर टीका करू नये असेही आहे. त्यावर माझे भांडण आहे, पण ते दुसऱ्या संध्याकाळी.

ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. फार मोठी गोष्ट. पण नऊ न्यायमूर्ती दिल्लीत, आणि बाई त्या खोलीत चार माणसांसमोर. त्या वेळी उपयोगी पडते ते एवढेच की, बरोबर दुसरे कुणीतरी असावे आणि त्याने म्हणावे, “आरोप लिहून द्या.” म्हणून आमच्या संघटनेने आता ठराव केला आहे की, अशा बोलावण्याला सभासदाने एकट्याने जायचे नाही, जागेवर कशावरही सही करायची नाही, आणि फोटो टेबलावर असेल तर तो कुणी, कुठून आणला हे पहिल्यांदा विचारायचे. गेल्या वर्षी अशी दोन बोलावणी आली. दोन्ही वेळा आम्ही गेलो. लिहून कुणी दिले नाही, आणि दोघीही आज शिकवताहेत.

त्या मराठीच्या बाईंना मी काही दिवसांपूर्वी भेटलो आणि विचारले की, तुमची गोष्ट व्याख्यानात सांगू का. त्या म्हणाल्या, “सांगा. पण तुम्ही काय म्हणाला होता तेही सांगा.” ते मी सांगितले.

१९८१ च्या नियमावलीच्या मराठीतील टिपणाच्या प्रती आमच्या कचेरीत ठेवल्या आहेत. कचेरी जुन्या गिरणीच्या फाटकासमोर, वरच्या मजल्यावर. संध्याकाळी सातनंतर उघडी असते. सभासद नसलात तरी चालेल.